ट्रॉफी हवीच, पण कुणाच्या पैशानं?

कोल्हापुरातल्या एका पेठेतून आलेलं पत्र. तिथल्या तालमी म्हणजे पेठांची मंडळं, आणि त्यांचेच फुटबॉल संघ असतात. ओळख पटेल असा मजकूर काढून थोडक्यात देत आहे.

"ताई, मी आमच्या तालमीचा खजिनदार. वय ५८. तरुणपणी स्वतः राइट बॅक, म्हणजे बचावात खेळलो आहे. आमचा संघ केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) वरिष्ठ गटात आहे. गेल्या चार हंगामांत एकही ट्रॉफी नाही. यंदा पोरांनी तीन बाहेरचे खेळाडू आणायचं ठरवलंय. दोन परदेशी, एक बचावाचा सेंटर बॅक आणि एक गोल मारणारा स्ट्रायकर, शिवाय गोव्याचा मिडफिल्डर. मानधन, राहणं-जेवण, प्रवास धरून साडेनऊ लाख. आमचं वर्षाचं उत्पन्न ४ लाख ८० हजार. त्यात दोन गाळ्यांचं भाडं २ लाख ४० हजार, वर्गणी ९० हजार आणि शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्यांची देणगी दीड लाख. नेहमीचा खर्च ३ लाख २० हजार. खात्यावर शिल्लक २ लाख १० हजार आणि ६ लाखांची एफडी. त्या एफडीतले ५ लाख पेठेतल्या एका आजोबांनी पत्नीच्या स्मरणार्थ 'लहान पोरांच्या फुटबॉलसाठी' असं लिहून दिलेत. व्याजावर पोरांच्या कोचचं मानधन निघतं. आता सगळे म्हणतात एफडी मोडा, कमी पडेल ते पतसंस्थेतून काढू, चौघं जामीन राहतो. एक इच्छुक उमेदवार म्हणालेत, 'तुम्ही खेळाडू आणा, पुढचं मी बघतो.' मी नको म्हटलं तर ग्रुपवर 'खजिनदार पेठेची इज्जत घालवणार' असे मेसेज फिरतात. गोलकीपर माझाच पुतण्या. तो आठवडाभर बोललेला नाही. तिकिटाचा पैसा आमच्याकडे येत नाही. स्पर्धेचं पहिलं बक्षीस लाख-दीड लाखाचं असतं. मी राजीनामा द्यावा का?"

खजिनदारसाहेब,

तुमचं पत्र वाचताना पहिल्यांदा बरं वाटलं ते आकड्यांमुळे. या सदराला तालमी-मंडळांची पत्रं येतात त्यात भावना पोतंभर आणि आकडा एकही नसतो. तुम्ही जमा-खर्च लिहून पाठवलात, म्हणून उत्तर देणं सोपं आहे. ऐकणं तेवढं सोपं नसेल, तुम्हालाही आणि पोरांनाही.

आधी पोरांच्या बाजूनं बोलते. ती मूर्ख नाहीत. चांगले खेळाडू आणले की संघ जिंकतो, हे खरं आहे. इंग्लंडमधल्या क्लबांचे अनेक वर्षांचे हिशेब अभ्यासकांनी तपासले, तेव्हा खेळाडूंच्या पगारावर जास्त खर्च करणारे क्लब दीर्घकाळात गुणतक्त्यात वर राहतात, हे स्पष्ट दिसलं. तेव्हा 'पैशानं काही होत नाही, जिद्द लागते' असलं भाषण सभेत करू नका. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेली पोरं आहेत ती, हसतील. शिवाय पेठेची ईर्षा ही काही वाईट गोष्ट नाही. ती नसती तर एका जिल्ह्याच्या गावात लीगच्या साध्या सामन्याला एवढी माणसं जमली नसती.

पण त्याच आकड्यांत दुसरीही गोष्ट आहे. गुणतक्ता हा तुलनेचा असतो. तुम्ही तीन आणलेत, शेजारच्या पेठेनं चार आणले, तर तुमचे साडेनऊ लाख गेले आणि तुम्ही होता तिथेच राहिलात. सोळा संघांनी मिळून कितीही पैसा ओतला तरी लीगचा विजेता एकच होणार. उरलेल्या पंधरांना तोच खर्च नुसता अंगावर पडतो. म्हणून 'खेळाडू आणले की जिंकू का?' यापेक्षा 'आणले आणि नाही जिंकलो तर पुढच्या जूनमध्ये तालमीत काय उरेल?' हा प्रश्न सभेत विचारायला हवा. माझ्या मते सगळा सल्ला या एका प्रश्नात आहे. पुढचं लिहिते ते या प्रश्नाला उत्तर देताना तुम्हाला आधार मिळावा म्हणून.

पोरं रात्री जागून इंग्लंडचा फुटबॉल बघतात. तेव्हा त्यांना लीड्स युनायटेडची गोष्ट सांगा, आणि नीट सांगा. २००१ साली हा क्लब चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत होता. तरुण, देखणा संघ. अध्यक्षांनी हिशेब असा मांडला होता की दरवर्षी आपण चॅम्पियन्स लीगला पात्र ठरणार, त्याचा पैसा येणार, आणि त्या पैशातून आजचे पगार निघणार. त्या भरवशावर क्लबनं पुढच्या वर्षांच्या तिकीटविक्रीवर ६ कोटी पौंडांचं कर्ज उचललं. म्हणजे जे प्रेक्षक अजून आले नव्हते त्यांच्या खिशातला पैसा आधीच खर्च केला. मग संघ पात्र ठरला नाही. फार वाईट खेळला असंही नाही, थोडक्यात हुकलं. पण पगाराचे करार काही थोडक्यात हुकत नाहीत, ते पूर्णच द्यावे लागतात. २००२ मध्ये रिओ फर्डिनंडला जवळपास ३ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला विकावं लागलं, तेही कट्टर वैऱ्याला. त्याच्यामागून एकेक करत बाकीचे गेले. २००४ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमधून, खाली घसरला, २००७ मध्ये तिसऱ्या स्तरावर गेला. परत वर यायला २०२० उजाडलं. २००४ मध्ये जन्मलेलं लीड्सचं पोर सोळा वर्षांचं झालं तेव्हा त्याला आपला क्लब पहिल्यांदा वरच्या लीगमध्ये दिसला.

लीड्सचं चुकलं ते मोठी स्वप्नं पाहण्यात नाही. जिंकल्यावर येणारा पैसा त्यांनी जिंकण्याआधीच खर्च केला, तिथे चुकलं. आणि आता तुमच्या तालमीचा हिशेब पाहा. लीड्सला जिंकल्यावर निदान पैसा मिळणार तरी होता. टीव्हीचे हक्क होते, युरोपातली बक्षिसं होती, तिकिटं होती. म्हणून त्या जुगाराला थोडी तरी अक्कल होती. तुम्हाला जिंकून काय मिळणार? तुमच्याच पत्राप्रमाणे लाख-दीड लाखाचं बक्षीस. एका हंगामात दोन स्पर्धा मारल्या, म्हणजे अगदी सोन्याचं वर्ष गेलं, तरी तीन लाख. साडेनऊ लाखांतले साडेसहा कायमचे गेले. कुणी सभेत 'ही गुंतवणूक आहे' म्हणालं तर त्याला हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवायला सांगा. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये ट्रॉफी हा खर्च आहे. गुलालाचा, हलगीचा, मिरवणुकीचा, पेठेच्या आनंदाचा खर्च.

आणि आनंदावर खर्च करायला माझी काडीइतकी हरकत नाही. लग्नात आपण करतोच की. फक्त आनंदाचा खर्च आनंदासाठी दिलेल्या पैशातून व्हावा.

आजोबांचे पाच लाख त्यासाठी दिलेले नाहीत. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण आयुष्याची बरीच वर्षं संस्थांचे हिशेब तपासण्यात गेली. विशिष्ट कामासाठी म्हणून लेखी दिलेली देणगी ही संस्थेच्या ताब्यात असली तरी संस्थेच्या मनमर्जीची नसते. ती त्याच कामाला लावायची असते. सर्वसाधारण सभेनं हात वर करून ठराव केला म्हणून त्या पैशाचा हेतू बदलत नाही. त्या पत्राची झेरॉक्स सभेत सगळ्यांना वाटा. आजोबा हयात असतील तर त्यांना या वादात ओढू नका, 'आजोबा, हो म्हणा' असा दबाव तर अजिबात नको. राहिला एफडीतला वरचा एक लाख. तो तालमीचा आहे, त्याचं काय करायचं ते सभा ठरवू शकते. पण व्याज कमी झालं तर कोचच्या मानधनाला कात्री लागते, हे ठराव लिहिताना त्यातच लिहा, म्हणजे हात वर करणाऱ्याला कळेल आपण कशावर हात वर करतोय.

पतसंस्थेच्या कर्जाचं आणखी सोपं आहे. तुमची तालीम धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असणार, बहुतेक जुन्या तालमी असतात. एकदा नोंदणी दाखला काढून खात्री करा. तशी असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-अ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज काढता येत नाही. स्ट्रायकर आणायला कर्ज हवं म्हणून अर्ज करून बघा म्हणावं! मग पोरं दुसरी वाट काढतील, कर्ज स्वतःच्या नावावर आणि एकमेकांना जामीन. त्यांना बाजूला घेऊन सांगा की हप्ते थकले तर पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि जामीनदाराच्या पगारापर्यंत पोचते. परदेशी खेळाडू हंगाम संपवून घरी गेलेला असेल, आणि एमआयडीसीत पाळी करणारा आपला पोरगा पुढची तीन वर्षं त्याचं मानधन फेडत असेल. ही गोष्ट ओरडून सांगायची नाही, चहा पाजून सांगायची.

आता इच्छुक उमेदवारांचं 'पुढचं मी बघतो'. आपल्याकडे संघाच्या पाठीशी कुणीतरी दाता उभा असतो, त्यात गैर काही नाही. तुमचे फौंड्रीवाले वर्षानुवर्षं देतातच. पण एका खिशावर उभ्या संघाचं काय होतं, हे भारतानं पुष्कळदा पाहिलंय. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जेसीटीनं जिंकली होती, पंजाबातल्या कापड गिरणीचा संघ. २००५-०६ ची लीग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं जिंकली. महिंद्रानं २०१० मध्ये संघ बंद केला, जेसीटीनं २०११ मध्ये. दोन्ही विजेते. जवळचं उदाहरण हवं तर एफसी पुणे सिटी, इंडियन सुपर लीगमधला संघ, २०१९ मध्ये संपला. ट्रॉफ्यांनी कुणालाच वाचवलं नाही, कारण क्लबचा खर्च खेळातून निघतच नव्हता. मालकाची इच्छा होती तोवर तो निघत होता. २०२५ च्या जुलैमध्ये तर सबंध इंडियन सुपर लीगच थांबली. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला, पुढचं ठरेना, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक क्लबांच्या खेळाडूंच्या पगाराचे वांधे झाले. आपल्या तालमी त्या मानानं चिवट. कारण त्या कुण्या एकाच्या नाहीत, पेठेच्या आहेत. तो चिवटपणा एका निवडणुकीसाठी विकू नका.

म्हणून उमेदवारांना नाही म्हणायचं नाही. 'साहेब, फार मोठं मन आहे तुमचं, तालमीच्या खात्यावर चेक द्या, पावती देतो, चेक वटला की खेळाडूला फोन लावतो' एवढंच म्हणायचं. हसून म्हणा. खरंच देणारे असतील तर देतील आणि त्यांचं नाव जर्सीवर घ्या. नुसतं बोलणारे असतील तर विषय तिथेच मिटला, आणि तुम्ही कुणाला दुखावलंही नाही.

एवढं सगळं 'नको, नको' झालं. आता काय करता येईल ते बोलू, कारण नुसता नकार देणारा खजिनदार फार दिवस टिकत नाही, आणि टिकूही नये.

युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, युएफानं, २०२२ मध्ये नवे आर्थिक नियम केले. त्यात एक मर्यादा आहे. खेळाडू आणि प्रशिक्षकांचे पगार, खरेदी, एजंटांचं कमिशन हा सगळा खर्च क्लबच्या उत्पन्नाच्या ७० टक्क्यांपर्यंतच. क्लबांना सवय व्हावी म्हणून ही मर्यादा ९०, ८०, ७० अशी पायरीपायरीनं आणली. इंग्लंडमध्ये तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपर्यंतच्या तोट्याची मर्यादा होती. ती ओलांडली म्हणून २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टनचे गुण कापले गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टसाठी मर्यादा याहून कमी होती, ती ओलांडली म्हणून त्यांचेही कापले. मैदानावर कमावलेले गुण हिशेबाच्या वहीनं काढून घेतले! पोरांना हे माहीत असेल, ती अशा बातम्या माझ्यापेक्षा जास्त वाचतात. त्यांच्याच भाषेत म्हणा की आपणही आपला नियम करू.

तुमच्या आकड्यांवर तो लावून पाहिला. उत्पन्न ४ लाख ८० हजार, त्याचे ७० टक्के ३ लाख ३६ हजार. पण नेहमीचा खर्च ३ लाख २० हजार असल्यामुळे खरोखर हातात उरतात १ लाख ६० हजार. बाहेरच्या खेळाडूंसाठी तालमीच्या नियमित पैशातून एवढीच मुभा आहे. त्यातही देणगीचे दीड लाख दरवर्षी येतीलच असं धरलंय. फौंड्रीला मंदी आली तर काय, हेही एकदा मनात आणा. खात्यावरचे २ लाख १० हजार हलवू नका, ती अडीनडीची रक्कम आहे. हंगामात एखाद्या पोराचा लिगामेंट गेला तर ऑपरेशनला पहिली धाव तालमीकडेच असते.

१ लाख ६० हजारांत तिघे काय, एकही बसत नाही. तुमच्या साडेनऊ लाखांना तीननं भागलं तर माणशी तीन लाखांच्या वर जातं. म्हणून उरलेल्यासाठी खास वर्गणी काढा, वेगळ्या पावतीपुस्तकावर, 'वरिष्ठ संघ, यंदाचा हंगाम' असं ठळक छापून. यात मला पोर्ट्समथची आठवण होते. इंग्लंडचा हा क्लबही ऐपतीबाहेर खर्च करून २००८ मध्ये तिथला एफए कप जिंकला, आणि दोनच वर्षांत, फेब्रुवारी २०१० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. ९ गुण कापले, संघ घसरत चौथ्या स्तरावर गेला. २०१३ मध्ये चाहत्यांनीच क्लब विकत घेतला, हजार-हजार पौंडांचे शेअर घेऊन, दोन हजारांहून जास्त माणसांनी. तुमच्या पेठेतल्या तीनशे घरांनी हजार-हजार रुपये दिले तर तीन लाख होतात. ग्रुपवर इज्जतीचे मेसेज टाकणाऱ्यांपासून सुरुवात करा. पहिली पावती त्यांच्या नावानं फाडा, दुसरी तुमच्या. किती जमतात त्यावरून पेठेला ट्रॉफी किती हवी आहे हेही कळेल. मला वाटतं जमतील. आपली माणसं गणपतीला देतात, संघाला का देणार नाहीत?

समजा तीन लाख जमले. दीड तालमीचे, तीन वर्गणीचे, साडेचार लाख. एक खेळाडू नीट येतो, थोडे शिल्लक राहतात. कोण आणायचा? तुम्ही पत्राच्या मागच्या पानावर लिहिलंय की गेल्या हंगामात गोल खाल्ले कमी, पण मारलेच नाहीत. मग सेंटर बॅक कशाला आणताय? राइट बॅकला हे मी सांगायचं म्हणजे जरा अतीच, पण स्ट्रायकर आणा आणि बाकी जागा आपल्या पोरांना द्या. तिघे बाहेरचे म्हणजे आपले तीन जण बाकावर. ती तीन पोरं पुढच्या वर्षी दुसऱ्या पेठेकडे गेली की तो तोटा कुठल्या वहीत लिहायचा?

करार मात्र लेखी करा. मानधन एकदम देऊ नका, हप्त्यांनी द्या, शेवटचा हप्ता शेवटच्या सामन्यानंतर. दुखापत झाली तर काय, स्पर्धा पुढे ढकलल्या तर काय, हे आधीच लिहा. मैदानात मारामाऱ्या होऊन हंगाम मध्येच थांबल्याचं आपण पाहिलेलं आहे. परदेशी असेल तर त्याच्या व्हिसाची, नोंदणीची कागदं स्वतः डोळ्यांनी बघा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. आणि ठरलेले पैसे ठरलेल्या तारखेला द्या. परक्या गावात पाहुणा म्हणून आलेल्या पोराला मानधनासाठी दारोदार फिरवणं हीसुद्धा पेठेची इज्जतच घालवणं आहे.

आता लहान पोरांबद्दल, कारण पत्रात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे आणि मला त्यांचंच सगळ्यात जास्त वाटलं. ब्रायटन हा इंग्लंडचा क्लब हल्ली सगळ्यांच्या तोंडी असतो. मोइसेस कायसेडो हा इक्वेडोरचा मुलगा त्यांनी २०२१ मध्ये पन्नासेक लाख पौंडांच्या आत-बाहेर घेतला, आणि २०२३ मध्ये चेल्सीला विकला तो बोनस धरून साडेअकरा कोटी पौंडांपर्यंत. लोक म्हणतात बघा, हुशारीनं चालवला की क्लब नफ्यात येतो. हे सांगताना त्यांच्या मालकानं त्याआधी कित्येक वर्षं कोट्यवधी पौंड स्वतःच्या खिशातून घातले, हे विसरतात. तेव्हा 'पोरं तयार करू आणि विकून श्रीमंत होऊ' असलं स्वप्न दाखवायचा माझा विचार नाही. भारतात बहुतेक खेळाडू करार संपला की फुकट क्लब बदलतात, विक्रीची रक्कमच नसते.

पण कागद तयार ठेवा. फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, नियम असा आहे की खेळाडू पैसे देऊन आंतरराष्ट्रीय बदलीवर गेला तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, त्यानंतरच्या प्रत्येकाला अर्धा टक्का. हे मिळायचं तर मुलगा त्या वर्षी तुमच्याकडे नोंदलेला होता हे दाखवता यायला हवं. आपल्याकडे पोरगं दहा वर्षं तालमीत खेळतं आणि नोंद कुठेच नसते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ऑनलाइन नोंदणी आहे. केएसएमार्फत विचारा आणि तुमच्या मुलांची नावं त्यात चढवा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा हे आकाशातलं नाही. हा पैसा अंदाजपत्रकात मात्र एक रुपयाही धरू नका. आला तर आला.

आणि तसंही लहान पोरांच्या कोचवरचा खर्च वसूल होतो तो दुसऱ्या तऱ्हेनं. जर्मनीचा डॉर्टमुंड क्लब २००५ मध्ये बुडायच्या काठावर होता. उधळपट्टी करून करून स्टेडियमसुद्धा विकून बसला होता. बाहेरून महागडे खेळाडू आणायला पैसाच नाही म्हटल्यावर तरुण पोरांना संधी द्यावी लागली, चांगला प्रशिक्षक मिळाला, आणि २०११ आणि २०१२ ला लागोपाठ जर्मनीची लीग मारली. तुमच्याकडे पंधरा वर्षांखालच्या संघातली दोन पोरं जरी तीन वर्षांनी वरिष्ठ संघात आली, तरी दरवर्षी दोन बाहेरच्यांचे पैसे वाचले. हे मात्र अंदाजपत्रकात धरायला हरकत नाही.

पुतण्याचं सांगते. तो आठवडाभर बोलला नाही, यात मला राग कमी आणि लाज जास्त दिसते. ड्रेसिंग रूममध्ये त्याला 'तुझ्या चुलत्यामुळं' म्हणून ऐकावं लागत असेल. त्याला संघाच्या वतीनं हिशेब बघायला बोलवा. वही उघडून त्याच्या पुढ्यात ठेवा, एफडीची पावती दाखवा, आजोबांचं पत्र वाचायला द्या. पटवून द्यायला जाऊ नका. मग सभेत खास वर्गणीचा ठराव त्यानं मांडावा असं सुचवा. गोलकीपरनं स्ट्रायकर मागितला तर कोण नाही म्हणेल?

राजीनामा आता देऊ नका. तुम्ही गेलात तर त्या खुर्चीवर जो बसेल तो पहिली सही एफडी मोडायच्या अर्जावर करेल, हे तुम्हालाही माहीत आहे. तरीही सभेनं तुमचं न ऐकता कर्जाचा किंवा ती पाच लाखांची देणगी वापरायचा ठराव केलाच, तर तुमचा विरोध नावासह इतिवृत्तात लिहून घ्या आणि चेकवर सही करू नका. त्यानंतर जायचं असेल तर जा. पण आधी वर्षाचं ऑडिट पुरं करून घ्या, एफडीची मूळ पावती, पावतीपुस्तकं, बँकेचं पासबुक यांची यादी करून ती नव्या खजिनदाराला दोन साक्षीदारांसमोर सही घेऊन द्या, आणि त्या यादीची एक प्रत घरी ठेवा.